अमेरिकेतल्या नॅशनल पार्कात शर्टाखाली पिस्तूल : तुमचं मत आणि अनुभव?

मृण्मयी_साताराकर
मंडळी, मी डेन्व्हरला असते. परवा रॉकी माउंटन नॅशनल पार्कात एका तळ्याभोवतीच्या सोप्या ट्रेलवर होतो. पुढे एक पन्नाशीचे गृहस्थ, बायको, दोन नातवंडं. बुटाची नाडी बांधायला ते खाली वाकले, शर्ट वर सरकला आणि कमरेला पिस्तूल दिसलं. साध्या कपड्यातले. आम्हाला "गुड मॉर्निंग" म्हणाले, पोराला बिस्कीट दिलं आणि पुढे गेले.

मी घरी येऊन वाचलं तर हे सगळं कायदेशीर आहे म्हणे. नवरा म्हणतो, "मग झालं तर." माझं काही समाधान होत नाही. जुलैत आई-बाबा साताऱ्याहून येतायत, त्यांना यलोस्टोनला न्यायचंय. बाबांना हे सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, "जंगलात बंदूक नेऊ देतात? मग वनखातं कशाला ठेवलंय?"

तर प्रश्न दोन. एक, हे असं कधीपासून आणि का? दोन, तुम्हाला स्वतःला पार्कात अशा माणसाशेजारी चालताना सुरक्षित वाटतं की उलट?

चिवडा_पोहे
पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. धागा शंभरी गाठणार.

सह्यभटक्या
यात विचारायचं काय? त्या देशात दूध आणायला जातानाही बंदूक लागते. आम्ही चाळीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, हातात काठी आणि पाठीवर थालीपीठ. काही अडलं नाही.

बिलिंग्जकर
सह्यभटक्या, सह्याद्रीत ग्रिझली (इथलं दांडगं तपकिरी अस्वल) नाही हो. आणि दूध आणायला कुणी बंदूक नेत नाही, तेवढं जाऊ द्या.

मृण्मयी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी मॉन्टानात एकोणीस वर्षं आहे. माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूलही आहे, म्हणजे मी एका बाजूचा माणूस आहे हे आधीच सांगून ठेवतो.

जुना नियम १९८३ चा, रीगनच्या काळातला. पार्कात बंदूक न्यायची तर गोळ्या काढून, बांधून, पटकन हाताला लागणार नाही अशी ठेवायची. बहुतेक लोक डिकीत ठेवायचे. हेतू मुख्यतः चोरटी शिकार रोखण्याचा. डिसेंबर २००८ मध्ये बुश सरकारने जाता जाता नियम बदलला : ज्या राज्यात पार्क आहे तिथे लपवून पिस्तूल बाळगणं चालत असेल आणि तुमच्याकडे तसा परवाना असेल, तर पार्कातही चालेल. ९ जानेवारी २००९ ला तो लागू झाला. विरोधकांनी कोर्ट गाठलं. मार्चमध्ये न्यायाधीश कोलीन कोलर-कोटेली यांनी स्थगिती दिली. कारण बंदूक नव्हे बरं का, कारण असं की पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा कायद्याने घालून दिलेला अभ्यास सरकारने केलाच नव्हता.

मग खरी गंमत. ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी हीच तरतूद मे २००९ मध्ये एका भलत्याच विधेयकाला चिकटवली. कुठल्या? क्रेडिट कार्ड कंपन्यांच्या मनमानीला लगाम घालणाऱ्या! सिनेटमध्ये ६७ विरुद्ध २९, खालच्या सभागृहात २७९ विरुद्ध १४७. ओबामांना क्रेडिट कार्डाचा कायदा हवाच होता, २२ मे रोजी सही केली. २२ फेब्रुवारी २०१० पासून लागू.

चिवडा_पोहे
म्हणजे व्याजदर कमी हवा असेल तर सोबत पिस्तूल घ्यावं लागेल. एकावर एक फ्री.

वकिलीण_बाई
बिलिंग्जकरांनी छान मांडलं, पण एक महत्त्वाचा फरक राहिला. बुश सरकारचा नियम फक्त लपवलेल्या, परवानाधारक शस्त्रापुरता होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेला कायदा त्याहून बराच मोठा आहे. त्यात 'लपवलेलं' ही अटच नाही. राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर रायफल खांद्याला लावूनही फिरता येतं. सगळी चर्चा शर्टाखालच्या पिस्तुलाची झाली आणि दार मात्र पूर्ण उघडलं.

उरलेल्या अटी : पार्कातल्या सरकारी इमारतींत, म्हणजे व्हिजिटर सेंटर, रेंजरचं (पार्कातल्या रक्षकाचं) ऑफिस वगैरे, बंदूक चालत नाही. दारावर तशी पाटी असते. गोळी झाडणं आधीसारखंच बेकायदा. बहुतेक नॅशनल पार्कांत शिकारही नाही. म्हणजे बाळगा, पण वापरू नका.

आणि इथल्या अनेकांसाठी खास : एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडून अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणंच संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. "ऑफिसातल्या मित्राने दिली, ट्रेलवर जरा धरली, फोटो काढला" हे प्रकार करू नका. ग्रीन कार्ड अडकेल.

एच१बी_ग्रस्त
वकिलीणबाई, आता तुम्ही घाबरवलंत. माझा तसा एक फोटो फेसबुकवर आहे. 😬

वकिलीण_बाई
@एच१बी_ग्रस्त, इथे जाहीर लिहू नका हो! चांगला इमिग्रेशन वकील गाठा. मी पुण्यातली आहे, मला विचारून उपयोग नाही.

चंद्रपूरची_वैदेही
मृण्मयीच्या बाबांचा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ताडोबाच्या गेटवर तुमचं सामान तपासतात, आता तर मोबाइलही आत वापरू देत नाहीत. बंदूक तर दूरच.

पण दुसरी बाजूही बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. सोबत मदतनीस होते, हातात काठ्या होत्या. तेव्हा आमच्या गावात चर्चा झालीच, की यांच्या हातात काहीतरी द्यायला नको का. माझे मामा वनखात्यातून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "बंदूक असती तरी खांद्यावरून काढेपर्यंत वाघ थांबतो का? आणि वाघ मेला असता तर आयुष्यभर चौकशी." मला त्यांचं पटलं, पण त्या बाईंच्या घरच्यांसमोर हे वाक्य मी बोलू शकले नसते.

वकिलीण_बाई
वैदेही, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१. मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी पूर्वपरवानगी असल्याशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. एका ओळीत विषय संपला.

देवगडचो_हापूस
अवांतर : आमच्याकडे कोकणात घरोघरी नाही, पण वाडीत एखाद्याकडे तरी शेतीसंरक्षणाची बंदूक असते. माकडं आणि रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. आजोबा म्हणायचे, "बंदूक वर्षातसून दोनदा घराबाहेर पडता, दोनदाय पोलिसांकडेच."

बिलिंग्जकर
हापूस, हे अवांतर नाही. यलोस्टोनची मूळ गोष्ट हीच आहे. १८७२ मध्ये पार्क झाला, पण सांभाळायला माणसं नव्हती, लोक एल्क (मोठं हरीण) आणि बायसन (गव्यासारखं जनावर) मारून कातडी नेत होते. म्हणून १८८६ मध्ये लष्कर आणलं, ते १९१८ पर्यंत होतं. त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रवाशाने पहिल्याच चौकीवर सार्जंटकडे बंदूक जमा करायची, पावती घ्यायची आणि बाहेर पडताना परत घ्यायची. अगदी तुमच्या आजोबांसारखं. १८९४ मध्ये एक चोरटा शिकारी बायसन मारताना रंगेहाथ सापडला आणि त्याला शिक्षा करायला कायदाच नाही हे लक्षात आलं. त्याच वर्षी लेसी कायदा झाला.

सह्यभटक्या
मग बिलिंग्जकर, तुम्हीच तुमच्या विरुद्ध पुरावा दिलात. पार्क वाचले ते बंदुका बाहेर ठेवल्या म्हणून.

बिलिंग्जकर
शिकाऱ्यांच्या बंदुका बाहेर ठेवल्या म्हणून. कमरेच्या पिस्तुलाने कुणी एल्क मारून डिकीत घालत नाही. आणि शिकार करणारा माणूस नियमाची पाटी वाचून परत फिरेल असं वाटत असेल तर तुम्ही फार भले आहात.

माझं सांगतो. मी अस्वलासाठी पिस्तूल बाळगत नाही, अस्वलासाठी मिरचीचा स्प्रे बाळगतो. पिस्तूल असतं ते संध्याकाळी सहानंतरच्या रिकाम्या पार्किंगसाठी. माझ्या इथे फोन लागत नाही असे ऐंशी ऐंशी मैल आहेत. एकदा टायर पंक्चर झाल्यावर दोन पिऊन तर्र झालेली मंडळी पिकअपमधून उतरून माझ्या गाडीभोवती फिरत होती, "तू कुठल्या देशाचा" विचारत होती. मी पिस्तुलाला हातही लावला नाही. पण ते होतं म्हणून माझा आवाज स्थिर राहिला, एवढं नक्की. शेरीफ आला तो पन्नास मिनिटांनी. पार्काच्या हद्दीवर येऊन मी काय करायचं, डिकी उघडून गोळ्या काढत बसायचं?

मृण्मयी_साताराकर
बिलिंग्जकर, हे वाचून गप्प झाले. आपल्या रंगाच्या माणसाला हा हिशोब वेगळा असतो, हे मी धाग्यात धरलंच नव्हतं. पण उलटंही मनात येतं. त्याच रिकाम्या पार्किंगमध्ये माझे बाबा चुकून दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडायला गेले तर? ते नेहमी करतात. पांढरी एसयूव्ही म्हणजे आपलीच.

चिवडा_पोहे
सगळ्या बाबांना पांढरी एसयूव्ही आपलीच वाटते. +१००

अलास्काफेरी
अस्वलाबद्दल बोलतो, कारण 'अस्वल आलं तर?' हाच मुद्दा सगळीकडे पुढे केला जातो.

कायदा लागू होऊन तीन महिने झाले होते. मे २०१० च्या शेवटी अलास्कातल्या डेनाली पार्कात एक जोडपं ट्रेक करत होतं. झुडपातून ग्रिझली बाईकडे धावली. पुरुषाकडे पॉइंट फोर-फाइव्हचं पिस्तूल होतं. त्याने नऊएक गोळ्या झाडल्या. अस्वल वळून झाडीत गेलं, नंतर जवळच मेलेलं सापडलं. दोघांना ओरखडाही नाही. पार्काच्या मूळ रानभागात पर्यटकाने ग्रिझली मारल्याची ती पहिली ज्ञात घटना. 'बघा, उपयोग झाला' असं एका बाजूने म्हटलं, 'बघा, अस्वल गेलं' असं दुसऱ्या.

आता आकडे. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या संशोधकांनी अलास्कातल्या घटना गोळा केल्या. २००८ च्या लेखात स्प्रेने तपकिरी अस्वलाचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा थांबवलं. जवळून गाठ पडून स्प्रे वापरला त्या लोकांपैकी ९८ टक्के सहीसलामत. २०१२ च्या लेखात बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या, तर बंदूक जवळ असलेल्यांनी ती वापरली किंवा नाही वापरली, निकालात फरक दिसला नाही.

कारण साधं आहे. अस्वल ताशी तीस-पस्तीस मैलांनी येतं. दोन सेकंदांत थरथरत्या हाताने हलत्या डोक्यावर नेम धरायचा. स्प्रेला नेम लागत नाही, मिरचीच्या अर्काचा ढग समोर उभा करायचा.

कोल्हापुरी_ठेचा
आमच्या आत्याने लवंगी मिरचीची फोडणी दिली की अख्खी गल्ली पांगते. अस्वलाची काय टाप!

बिलिंग्जकर
अलास्काफेरी, ते दोन लेख शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही. बंदुकीच्या घटना १८८३ पासूनच्या आहेत, त्यातल्या बऱ्याच अस्वल अंगावर आल्यावरच्या. स्प्रेच्या यादीत कचरापेटीपाशी घुटमळणारी अस्वलंही आहेत. बाकी स्प्रे आधी, हे मला मान्यच आहे.

अलास्काफेरी
मान्य. खुद्द संशोधकांनीही नेमबाजीत तरबेज माणसाने बंदूक नेऊच नये असं म्हटलेलं नाही. पण नाडी बांधणारे आजोबा तरबेज आहेत की नाहीत, हे मृण्मयीला कसं कळणार? परवान्याचं म्हणाल तर वायोमिंग, मॉन्टाना, आयडाहो या तिन्ही राज्यांत आता लपवून बाळगायला बहुतेकांना परवानाच लागत नाही. २००९ मध्ये जो 'जबाबदार परवानाधारक' डोळ्यांसमोर ठेवून वाद घातला गेला, तो वादातून कधीच निघून गेलाय.

बिलिंग्जकर
हा मुद्दा मात्र लागला. मी स्वतः परवान्यासाठी वर्ग केला, परीक्षा दिली, बोटांचे ठसे दिले. शेजारचा पोरगा काहीच न करता तेच करतो. मलाही ते आवडत नाही.

सोलापूरची_चादर
कोणी योसेमिटीचं बोललं नाही? तिथे बेअर स्प्रे न्यायला बंदी आहे! तिथे फक्त काळी अस्वलं आहेत आणि स्प्रे हे शस्त्र धरलंय. पण कॅलिफोर्नियाचा परवाना असेल तर पिस्तूल चालतं. मी व्हिजिटर सेंटरमध्ये दोनदा विचारलं, मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे.

चिवडा_पोहे
अस्वलाला मिरची लागू नये म्हणून गोळी. केवढी ती काळजी.

वकिलीण_बाई
राज्यागणिक कायदा म्हटला की अशी मजा होणारच. डेथ व्हॅली कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा दोन्हीत आहे, ग्रेट स्मोकी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात. ट्रेलवर चालताना तुम्ही मधल्या रेषेवर गुन्हेगार होऊ शकता, पाटी असेलच असं नाही.

अवांतर पण राहवत नाही : यलोस्टोन ९६ टक्के वायोमिंगात, ३ टक्के मॉन्टानात, १ टक्का आयडाहोत. पण न्यायालयापुरता अख्खा पार्क वायोमिंग जिल्ह्यात धरला आहे. राज्यघटना म्हणते की ज्युरी त्या राज्यातली आणि त्या जिल्ह्यातलीही हवी. आयडाहोच्या तुकड्यात कुणी राहतच नाही. म्हणजे तिथे गुन्हा केला तर ज्युरीच बसवता येत नाही, असा पेच ब्रायन कॉल्ट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००५ मध्ये दाखवून दिला. काँग्रेसने अजून ती फट बुजवलेली नाही.

एच१बी_ग्रस्त
बाई, त्या तुकड्यात फेसबुक लागतं का?

रेनियरच्या_पायथ्याशी
हसून झालं असेल तर थोडं गंभीर. मी टकोमाजवळ राहते. १ जानेवारी २०१२ ला माउंट रेनियर पार्कात मार्गारेट अँडरसन या रेंजरला गोळी घालून मारलं. बर्फात चाकांना साखळ्या बांधल्यात का ते तपासण्याची चौकी असते, ती न थांबता ओलांडून एक गाडी गेली. पुढे रस्ता अडवायला मार्गारेटने आपली गाडी आडवी लावली. त्याने उतरून गोळ्या झाडल्या आणि रानात पळाला. दुसऱ्या दिवशी बर्फात मेलेला सापडला. तिचा नवराही त्याच पार्कात रेंजर, दोन लहान मुली. पार्क कित्येक दिवस बंद होता.

त्याच आठवड्यात वाद सुरू झाला. निवृत्त रेंजरांची संघटना २००९ मध्येही विरोधात होती. पूर्वी गाडीत भरलेली बंदूक दिसणं हेच थांबवायला पुरेसं कारण असायचं, आता नाही, हे त्यांचं दुखणं. दुसरी बाजू म्हणाली, तो आदल्या रात्री दुसरीकडे गोळीबार करून पळालेला होता, तो कुठला नियम पाळणार होता? खरं सांगू का, मला दोन्ही पटतं आणि दोन्हीने काही होत नाही. मी तिथे अजून जाते. चौकीवर रेंजर खिडकीशी येते तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते, तिला दिसतील असे. पूर्वी ठेवत नव्हते.

चंद्रपूरची_वैदेही
🙏

सह्यभटक्या
रेनियरताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा पहिला प्रतिसाद जरा उथळ वाटला. मागे घेत नाही, पण उथळ होता.

बिलिंग्जकर
४ जुलै २०२४ लाही यलोस्टोनच्या कॅनियन व्हिलेजमध्ये तिथल्याच एका खासगी कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याने रायफलने गोळीबार केला. रेंजरांनी त्याला टिपलं, एक रेंजर जखमी झाला. त्या दिवशी गर्दीत माझ्यासारखे कित्येक पिस्तूलवाले असणार. थांबवलं ते रेंजरांनी. हे मी माझ्या बाजूच्या मंडळींनाही सांगतो, कुणाला आवडत नाही.

मृण्मयी_साताराकर
सव्वा महिन्याने धागा वर काढतेय, माफ करा. आम्ही यलोस्टोनला जाऊन आलो. काही जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं म्हणून लिहिते.

बाबांना गाडीतच सगळं सांगितलं. ते शांत. दुकानातून स्प्रे घेतला तर म्हणाले, पट्टा मी लावणार. स्वेटरवरून पट्टा, त्यात लाल डबा, डोक्यावर पांढरी टोपी. चार दिवस तसेच फिरले. व्हिजिटर सेंटरच्या दारावर पिस्तुलावर फुली मारलेली पाटी पाहून थबकले आणि मला विचारलं, "हे आत चालेल ना?"

ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी बाकावर एक गृहस्थ, कमरेला उघडं पिस्तूल. बाबा जाऊन शेजारीच बसले. मी लांबून घामाघूम. बाबांनी त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "फॉर बेअर?" तो म्हणाला, "नो सर, फॉर पीपल." बाबा मान हलवून म्हणाले, "माइन इज फॉर बेअर." मग दोघं कारंजं उडेपर्यंत पुढची वीस मिनिटं शेतीवर बोलत होते. तो नेब्रास्काचा मका पिकवणारा निघाला. बाबांनी आल्याचा भाव सांगितला.

मला सुरक्षित वाटलं का? नाही वाटलं. त्या माणसाची भीतीही वाटली नाही, पण कारंजं बघताना माझी नजर तीनदा त्याच्या कमरेकडे गेली. एवढ्या लांब येऊन मी ते बघत होते, याचा राग आला. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

बाकी धोका म्हणाल तर बायसनने रस्ता अडवला, पाऊण तास. आई खाली उतरून त्याला "हो बाजूला" म्हणणार होती. पंचवीस यार्ड लांब राहायचं असतं हे तिला आतून दार लॉक करून समजावलं.

चिवडा_पोहे
"माइन इज फॉर बेअर." 😂 काकांना साष्टांग नमस्कार.

बिलिंग्जकर
काकूंना सांग, त्या पार्कात अस्वलांपेक्षा जास्त माणसं बायसननेच जखमी केलीत. आणि पुढच्या वेळी बिलिंग्जवरून या. पिठलं-भाकरी माझ्याकडे. पिस्तूल तिजोरीत असेल.

मृण्मयी_साताराकर
नक्की! बरं, स्प्रेचा डबा न वापरलेला आहे. विमानात चालत नाही, त्यामुळे बाबांना साताऱ्याला नेता आला नाही, फार हळहळले. डेन्व्हर परिसरात कुणाला हवाय का? मुदत अजून तीन वर्षं आहे.

सोलापूरची_चादर
मला हवा होता, पण मी परत योसेमिटीलाच चाललेय.

कोल्हापुरी_ठेचा
मला द्या. आत्या येतेय.